वेझले: टेकडीवरच्या गावात एक रात्र कशी काढावी

पॅरिसहून सकाळी निघून वेझले बघून रात्री परत पॅरिसला येता येतं. पहिल्या खेपेला मी तेच केलं. परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की आपण चढ चढलो, चर्च बघितलं, सँडविच खाल्लं आणि उतरलो. गाव बघायचं राहूनच गेलं. दुसऱ्या खेपेला दोन रात्री राहिलो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: वेझलेला जायचं तर किमान एक रात्र मुक्काम करा. साडेअकराच्या सुमाराला पर्यटकांच्या बस यायला लागतात आणि पाचपर्यंत निघून जातात. तुम्हाला हवं ते वेझले त्या आधीचं आणि नंतरचं.

गाव बरगंडीत, योन जिल्ह्यात, पॅरिसच्या आग्नेयेला साधारण २२० किलोमीटरवर. एक लांबट टेकडी, तिच्या पाठीवरून वर चढत जाणारा एक रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं आणि माथ्यावर येशूची शिष्या सेंट मेरी मॅग्दलीन हिची बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च. वस्ती काही शे माणसांची. १९७९ साली युनेस्कोने बॅसिलिका आणि टेकडी या दोन्हींचा मिळून जागतिक वारशात समावेश केला. नुसत्या इमारतीला मान दिला असता तर तो अपुराच ठरला असता, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

कधी जावं

एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाने दगड तापतात आणि खोल्या मिळत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत खोल्या स्वस्त असतात, पण निम्मी दुकानं आणि खाणावळी बंद, त्यामुळे जेवायचे हाल. नोव्हेंबरात सकाळी खालच्या दरीत धुकं साचतं आणि टेकडी त्यातून बेटासारखी वर आलेली दिसते. थंडीची तयारी असेल तर तेही वाईट नाही.

दोन तारखा वेगळ्या लक्षात ठेवा. २१ जूनच्या आसपास भर दुपारी बॅसिलिकेत उन्हाचा एक खेळ दिसतो, त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. २२ जुलैला मॅग्दलीनचा सण असतो, म्हणजे गावची जत्राच म्हणा. गर्दी आवडत असेल तर जा, नाहीतर तो दिवस टाळा. शिवाय सोमवारी जाऊ नका. फ्रान्सच्या खेड्यांत सोमवार हा सुट्टीचा वार. बेकरी बंद, खाणावळ बंद, आणि बॅसिलिकेत एरवी गाऊन उपासना करणारे मठवासीही त्या दिवशी सहसा एकांतात असतात.

व्हिसा आणि पिशवी

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. फ्रान्सच्या व्हिसाचे अर्ज मुंबई आणि पुण्यातल्या केंद्रांवरही घेतले जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. हे १५ दिवस कागदावरचे आहेत. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच महिना-महिना मिळत नाही, त्यामुळे तीन महिने आधी हालचाल करा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर केंद्राचा सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे आणि त्यात दोन पानं कोरी पाहिजेत. राहण्याची बुकिंगं रद्द करता येतील अशीच घ्या, व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे अडकवू नका.

सामानाबद्दल एकच गोष्ट, पण ती मनावर घ्या: चाकांची मोठी बॅग वेझलेला आणू नका. चढ दहा-पंधरा मिनिटांचाच आहे, पण वर जाणाऱ्या रस्त्याला ओबडधोबड फरसबंदी आहे. तिच्यावरून चाकं खडखडत नेली की गावातल्या प्रत्येक खिडकीला तुम्ही आल्याचं कळतं. मोठी बॅग पॅरिसच्या हॉटेलात ठेवा आणि पाठीवरची सॅक घेऊन या. बुटांचे तळवे खरखरीत हवेत, पावसात ते दगड साबणासारखे होतात.

घरून खाऊ नेणाऱ्यांसाठी: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल न्या.

पोचायचं कसं

रेल्वेने जायचं तर पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून. गार द ल्यों हे मोठं स्टेशन जवळच आहे आणि नवखा माणूस हमखास तिथे जाऊन उभा राहतो. दोन्हींमध्ये पायी दहा मिनिटांचं अंतर आहे, तेव्हा तिकिटावर ‘बेर्सी’ लिहिलंय ना, ते आदल्या रात्रीच वाचून घ्या. उतरायचं स्टेशन सर्मिझेल-वेझले. प्रवास अडीच तासांच्या आसपासचा. काही गाड्या थेट जातात, काहींना मध्ये बदल असतो. या प्रादेशिक गाड्या आहेत, वेगवान तेजेव्हे नव्हेत. छापील कागदी तिकीट असेल तर ते यंत्रात टोचून घ्यावं लागतं का, हे घेतानाच विचारा. मोबाईलवर असेल तर काही करायचं नाही.

आता खरी गोम. स्टेशनच्या नावात ‘वेझले’ असलं तरी गाव तिथून दहा किलोमीटरवर आहे. बस आहेत, पण दिवसातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी त्यांचा भरवसा नाही. पहिल्या खेपेला मी रविवारीच उतरलो. माझ्याबरोबर उतरलेली दोन माणसं त्यांच्या नातेवाइकांच्या गाड्यांत बसून गेली, आगगाडी निघून गेली, आणि उरलो मी, एक बंद तिकीटखिडकी आणि समोरच्या शेतातली गुरं. टॅक्सी स्टँड असेल, रिक्षासारखं काहीतरी मिळेल, असं मी गृहीत धरलं होतं. चूक सर्वस्वी माझी. शेवटी पाठीवर पिशवी टाकून चालत सुटलो. आस्कँ गावापाशी एका आजीबाईंनी गाडी थांबवली आणि एकही शब्द न बोलता दार उघडलं. दर वेळी अशा आजी भेटतील असं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्रादेशिक बससेवा मोबिगोच्या वेळापत्रकात तुमच्या तारखेची बस बघा. बस जुळत असेल तरच ती आगगाडी पकडा. जुळत नसेल तर मुक्कामाच्या घरमालकांना आठवडाभर आधी लिहून टॅक्सी सांगून ठेवायला सांगा. स्टेशनवर उतरून टॅक्सी शोधणं हा पर्याय धरूच नका. तिघे-चौघे असाल तर रेल्वेने एक स्टेशन पुढे अवालाँला उतरणंही बरं पडतं. ते तालुक्याच्या गावासारखं आहे, तिथून वेझले १५ किलोमीटर.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी भारतीय परवान्याबरोबर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. पॅरिसहून ए-६ महामार्गाने यायचं आणि नित्री किंवा अवालाँला बाहेर पडायचं. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने आहे, ती सवय अर्ध्या तासात होते. होत नाही ती दुसरी: गावांतल्या चौकात वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, मग तो कितीही चिंचोळ्या बोळातून येवो. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात याला तिथे काही किंमत नाही. वेगमर्यादा गावात ५०, दुपदरी ग्रामीण रस्त्यावर साधारण ८०, महामार्गावर कोरड्या हवेत १३०. वेझलेला गाडी पायथ्याच्या वाहनतळावर लावायची, पैसे भरायचे आणि चालत चढायचं. वर नेण्याचा मोह टाळा. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर मुक्कामाच्या घरी आधी विचारा. सामान-माणसं सोडण्यापुरती गाडी वर आणू देतात का, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

कुठे राहावं

गावात हॉटेलं मोजकी आहेत. त्यापेक्षा ‘शांब्र दोत’ बघा, म्हणजे घरातल्याच एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणारी मंडळी. सकाळचा नाश्ता त्यातच धरलेला असतो आणि वेळापत्रकापासून बेकरीच्या सुट्टीपर्यंत सगळी माहिती टेबलावरच मिळते. खोली शक्यतो चढावरच्या मुख्य रस्त्याजवळ घ्या, पायथ्याशी नको. पहाटे बाहेर पडायचं असतं आणि अंथरुणातून उठून पुन्हा पूर्ण चढ चढायचा कंटाळा येतो. कमी पैशांत भागवायचं असेल तर यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळावजा जागाही आहेत.

अशा घरांत कार्ड घेतीलच असं नाही. शंभर-दीडशे युरो रोख पॅरिसमधूनच आणा. बिलावर माणशी रोजचा छोटा पर्यटन कर लागतो, तो फसवणूक समजू नका. किती वाजता पोचणार ते आधी कळवा आणि मग ते पाळा. ही हॉटेलं नव्हेत. तुमच्यासाठी कुणीतरी स्वयंपाकघरात वाट बघत बसलेलं असतं.

पहिली संध्याकाळ

चारच्या सुमाराला पोचून सामान टाका आणि लगेच बॅसिलिकेत घुसू नका. आधी गावाला बाहेरून प्रदक्षिणा घाला. जुन्या तटाच्या कडेने पायवाट आहे, जाताना पोर्त न्यव्ह, म्हणजे ‘नवा दरवाजा’, लागतो. नवा म्हणजे मध्ययुगाच्या अखेरीचा. वाटेत घरांचे परसदार दिसतात: वाळत घातलेले कपडे, टोमॅटोचे वाफे, भिंतीला टेकवलेली शिडी. समोरच्या रस्त्यावर सगळी गॅलरी आणि वाइनची दुकानं. गाव राहतं ते या मागच्या बाजूला.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला बॅसिलिकेत सायंप्रार्थना असते. १९९३ पासून जेरुसलेमच्या मठवासी बंधुसंघाचे बंधू आणि भगिनी इथे राहतात आणि अनेक सुरांत मिसळून स्तोत्रं गातात. नेमकी वेळ दारावरच्या फलकावर बघा, ती बदलते. तुम्ही कोणत्या धर्माचे, कुणी विचारत नाही. मागच्या बाकावर बसा, फोन बंद ठेवा, मध्येच उठून फोटो काढू नका. वाद्यांचा गजर नाही. नुसते गळे आणि दगडाची कमान, आणि एक स्वर थांबल्यावरही दोन क्षण तो वरच फिरत राहतो.

नंतर बॅसिलिकेच्या मागे जा. तिथे झाडांची मोठी मोकळी गच्ची आहे, खाली क्यूर नदीचं खोरं आणि पलीकडे मोर्वांचे जंगलाचे डोंगर. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. त्या भरवशावर जेवण पुढे ढकलू नका, खाणावळींचं स्वयंपाकघर त्याआधीच बंद होतं. आधी जेवा, मग गच्चीवर या.

सकाळ: बॅसिलिका

आठच्या आत पोचा. प्रवेश फुकट आहे. दोन तास लागतील असं धरा आणि या क्रमाने बघा.

मुख्य दारातून आत गेलात की तुम्ही चर्चमध्ये नसता, तर आधीच्या अंधाऱ्या मंडपात असता. आपल्याकडच्या सभामंडपासारखाच त्याचा उपयोग. तिथेच थांबा, डोळे सरावू द्या आणि समोरच्या आतल्या दारावरच्या अर्धवर्तुळाकार शिल्पपटाकडे बघा. हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मधोमध भलामोठा ख्रिस्त बसलाय, त्याच्या बोटांतून किरण निघून शिष्यांच्या डोक्यांवर पोचतायत. त्याच्या गुडघ्यावरच्या वस्त्राच्या चुण्या बघा, पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या गरगर फिरवल्या आहेत.

पण मजा आहे ती खालच्या पट्टीत. शिष्यांनी ज्यांना उपदेश करायचा, ती जगाच्या टोकाची माणसं तिथे कोरली आहेत. घोड्यावर चढायला शिडी लावणारा बुटका, डुकरासारख्या नाकाची माणसं, आणि उजव्या कोपऱ्यात सुपासारख्या कानांचं एक अख्खं कुटुंब. हे लंबकर्ण आले कुठून? ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिस चंद्रगुप्त मौर्याच्या काळात भारतात आला होता. कानात गुंडाळून झोपणाऱ्या लोकांची गोष्ट त्याने लिहून ठेवली. ग्रीक आणि रोमन ग्रंथांतून असले लोक युरोपच्या कल्पनेत जाऊन बसले. आणि आपल्या महाभारतात, सभापर्वातल्या सहदेवाच्या दिग्विजयात, ‘कर्णप्रावरण’ नावाचे लोक आहेतच: कान हेच ज्यांचं पांघरूण. बरगंडीतल्या त्या शिल्पकाराला महाभारत माहीत असण्याचं कारण नाही. तरी त्या कोपऱ्यापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. परक्या मुलखातल्या चर्चच्या दारावर आपल्याकडची अफवा भेटली होती.

मग आत. मंडपाच्या काळोखातून एकदम उजेडात येता. कमानींचे दगड आलटून पालटून पांढरे आणि तपकिरी आहेत, आणि सगळं ६२ मीटर लांब दालन पलीकडच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतल्या, गाभाऱ्यापर्यंत जास्त जास्त उजळत जातं. तो गाभारा बाराव्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे दालनापेक्षा दोन पिढ्यांनी धाकटा.

इथे घाई करू नका. खांबांच्या माथ्यांवर कोरीव काम आहे, मंडपातले धरून अशी जवळजवळ शंभर शिल्पं. सगळी बघायला गेलात तर मान मोडेल. दुर्बीण असेल तर आणा, आणि एक मात्र शोधाच: दालनाच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या बाजूला, ‘गूढ गिरणी’. एक माणूस वरून धान्य ओततोय, तो मोझेस. दुसरा, अनवाणी, खाली वाकून पोत्यात पीठ धरतोय, तो संत पॉल. जुन्या कराराचं धान्य, नव्या कराराचं पीठ, असा अर्थ. धर्मशास्त्र बाजूला ठेवलं तरी चालेल. पीठ सांडू नये म्हणून पोत्याचं तोंड कसं धरलंय ते बघा. ज्याने हे कोरलं त्याने गिरणीवर रांगेत उभं राहून दळण नक्की आणलेलं असणार. जनाबाईच्या जात्याशी विठोबाला बसवणाऱ्या आपल्या माणसांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

आता तो उन्हाचा खेळ. उन्हाळी संक्रांतीच्या, म्हणजे २१ जूनच्या आसपास, सूर्य माथ्यावर सर्वांत उंच असतो तेव्हा दक्षिणेकडच्या वरच्या खिडक्यांतून येणारे कवडसे दालनाच्या नेमके मधोमध एका ओळीत पडतात. दारापासून गाभाऱ्याकडे जाणारी उजेडाची पायवाटच म्हणा. हिवाळी संक्रांतीला सूर्य खाली असतो, त्यामुळे तेच ऊन समोरच्या बाजूच्या खांबांच्या माथ्यांवर जाऊन पडतं. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे घड्याळ. फ्रान्सचं उन्हाळी घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे असतं, त्यामुळे खरी माध्यान्ह पावणेदोनच्या सुमाराला होते. बाराला जाऊन निराश होऊन परतणारे दर वर्षी असणारच. एक वाजता जाऊन जागा धरा. नेमकी २१ तारीख हुकली तरी पुढचे-मागचे काही दिवस ओळ दिसते आणि तेव्हा गर्दीही कमी असते. ढग असले तर मात्र इलाज नाही.

इतिहास थोडक्यात, कारण तो कळला की गाव एवढं लहान आणि चर्च एवढं मोठं का, ते उलगडतं. अकराव्या शतकात इथल्या मठाने मेरी मॅग्दलीनचे अवशेष आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं आणि यात्रेकरूंची रीघ लागली. ११४६ च्या ईस्टरला क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याने फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्यासमोर दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रूसेडची) हाक इथेच दिली. गर्दी एवढी, की सभा टेकडीच्या उतारावर घ्यावी लागली. ११९० मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप तिसऱ्या धर्मयुद्धासाठी इथे भेटले. मग १२७९ मध्ये प्रोव्हान्समधल्या सँ-माक्सिमँ या गावाने मॅग्दलीनचा देह आमच्याकडे सापडला असं सांगितलं, आणि वेझलेची यात्रा आटली. देव दुसरीकडे निघाला की बाजारही उठतो. पुढे चर्च ढासळत गेलं. १८४० साली ते वाचवायचं काम व्हियोले-ल-द्यूक या २६ वर्षांच्या वास्तुविशारदाला दिलं गेलं. आज जे उभं आहे त्यात त्याच्या हातचं बरंच आहे. जाणकार त्यावरून वाद घालतात. मला वाटतं, त्याने हात घातला नसता तर वाद घालायला छप्पर उरलं नसतं.

रोमाँ रोलाँ यांचं घर

दहा-साडेदहाला मुख्य रस्त्याने खाली या. साहित्याचं नोबेल (१९१५ सालचं) मिळालेले रोमाँ रोलाँ १९३८ पासून इथे राहिले आणि ३० डिसेंबर १९४४ ला याच घरात वारले. जर्मन फौजांच्या ताब्यातली वर्षं त्यांनी या टेकडीवर काढली. भारतात त्यांचं नाव गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांच्या चरित्रांमुळे पोचलं. गांधीचरित्र १९२४ चं, तेव्हा दोघांची भेटही झालेली नव्हती. ती झाली डिसेंबर १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्हला. गांधीजींच्या सांगण्यावरून रोलाँनी त्यांना पियानोवर बेथोव्हन वाजवून दाखवला.

मराठी माणसाने इथे आणखी एक धागा जोडून घ्यावा. बेथोव्हनच्या वेडापायी रोलाँकडे गेलेल्या मॅडलिन स्लेड या इंग्रज बाईंना रोलाँनीच गांधीजींविषयी सांगितलं. त्या भारतात आल्या, मीराबेन झाल्या, आणि वर्ध्याजवळच्या सेगावात, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं, गांधीजींच्याही आधी जाऊन राहिल्या. मॅडलिन म्हणजे मॅग्दलीन, म्हणजे या टेकडीवरच्याच संतिणीचं नाव. रोलाँच्या बहिणीचंही तेच. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही.

या घरात आता झेर्वोस संग्रहालय आहे. क्रिस्तियान झेर्वोस हे ग्रीक वंशाचे कलासमीक्षक आणि प्रकाशक. १९७० मध्ये वारले तेव्हा आपला संग्रह त्यांनी या चिमुकल्या गावाच्या नावे केला. पिकासो, कांदिन्स्की, मिरो, लेजे, काल्डर, जाकोमेती, सगळे एका घराच्या जिन्याजिन्यांवर. पॅरिसमध्ये याच चित्रांसमोर लोकांच्या डोक्यांआडून बघावं लागतं, इथे कित्येकदा तुम्ही खोलीत एकटे असता. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं आणि मोसमातही आठवड्याची सुट्टी असते, तेव्हा वार बघून बेत आखा. रोलाँची खोली राखून ठेवली आहे, ती चुकवू नका. खिडकीतून दरी दिसते.

दुपारची चाल

दुपारी बस आल्या की गावाबाहेर पडा. दोन वाटा आहेत. लहान वाट उत्तरेच्या उतारावरून ला कोर्देल या छोट्या प्रार्थनाघराकडे जाते. वाटेत एक क्रूस आहे, बर्नार्डच्या त्या सभेची आठवण. फ्रान्सिस्कन साधूंनी फ्रान्समधलं आपलं पहिलंवहिलं ठाणं इथे टाकलं, १२१७ च्या सुमाराला. जायला-यायला आणि बसायला मिळून तास पुरतो. आत दोन-चार बाकं आणि शांतता.

मोठी वाट दक्षिणेकडे, दोन किलोमीटरवरच्या सँ-पेर गावात. द्राक्षमळ्यांच्या कडेने उतरता. तिथल्या गॉथिक चर्चचा मनोरा नाजूक आहे. पण खरं कारण परतताना कळतं: तिथून वळून बघितलं की सगळी टेकडी, घरांची रांग आणि माथ्यावरची बॅसिलिका एका नजरेत येते. वेझलेचा पोस्टकार्डावरचा फोटो हवा असेल तर तो गावातून मिळत नाही, इथून मिळतो.

रस्त्यात फरशीवर जडवलेले पितळी शिंपले दिसतील. स्पेनमधल्या सांतियागो द कोम्पोस्तेलाच्या पदयात्रेची एक मोठी वाट वेझलेहून सुटते, पुढे सुमारे १७०० किलोमीटर. पाठीला शिंपला बांधलेली माणसं सकाळी निघताना दिसली तर ‘बाँ शेमँ’ म्हणा. वारीत ‘माउली’ म्हणतो तसंच ते.

खाणं

नियम पहिला: दुपारचं जेवण बारा ते दीड. दोनला गेलात तर मालकीण गोड हसून ‘नाही’ म्हणेल. रात्री सातनंतर, आणि शक्य तर टेबल सांगून ठेवा. तीन ते सहा या वेळात भूक लागली तर बेकरीतून घेतलेलं पिशवीत असलेलं बरं.

शाकाहाऱ्यांना हे बरगंडी आहे हे विसरून चालणार नाही. गोगलगायी, वाइनमध्ये शिजवलेलं बीफ आणि वाइनच्याच रश्शातली अंडी, ही इथली शान. अंडी म्हणून ती मागवाल, तर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. त्यांना ‘लार्दों’ म्हणतात आणि ते सॅलडमध्ये, कीशमध्ये, कुठेही निघतात. म्हणून वाक्य पाठ करा: ‘साँ व्यांद, साँ लार्दों, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, ते तुकडे नकोत, मासे नकोत. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ सांगितलं तर मासे घेऊन येण्याची शक्यता असते. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे गुजेर, ही चीजची हलकी, पोकळ भजीवजा पफं, गरम शेळीच्या चीजचं सॅलड, ऑम्लेट आणि जूनमध्ये चेरी. काटेकोर असाल तर हेही माहीत असू द्या, की इथलं प्रसिद्ध एप्वास चीज स्थानिक मद्याने धुऊन मुरवतात आणि बहुतेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं.

पाण्याची बाटली मागू नका, ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. टिप सक्तीची नाही, सेवा बिलातच धरलेली असते. वाइन घेणाऱ्यांसाठी: वेझले या नावाच्या पांढऱ्या वाइनला २०१७ मध्ये स्वतंत्र मानांकन मिळालं, ती शार्दोने द्राक्षाची. खाली चालत गेलात ते मळे हिचेच.

आणि दुकानात, बेकरीत, बसमध्ये, कुठेही पाऊल टाकताच पहिला शब्द ‘बाँझूर’. आपण थेट ‘हे केवढ्याला?’ असं विचारतो, तो त्यांना उद्धटपणा वाटतो. बाँझूर म्हटलंत की मोडक्या इंग्रजीत का होईना, मदत मिळते. म्हटलं नाहीत तर समोरच्याला इंग्रजी येत असूनही येत नाही.

निघताना

परतीची टॅक्सी किंवा बस आदल्या रात्री पक्की करा, सकाळी नको. घरमालकांना वेळ सांगा, तेच फोन करतात. आगगाडीच्या आधी अर्धा तास तरी स्टेशनवर पोचायचा हिशेब ठेवा, कारण ती चुकली तर पुढची कित्येक तासांनी असते आणि स्टेशनवर चहासुद्धा मिळत नाही. सकाळी सातला बेकरी उघडली की दोन क्रोसाँ बांधून घ्या. मी दुसऱ्या खेपेला घेतले होते. फलाटाच्या बाकावर बसून खाल्ले, समोर तीच गुरं होती.